न मागणारी रेवा

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ज्याला पटणार नाही त्याने पुढचं ऐकून मग काय ती बोंब मारावी. तर झालं असं, की एका संक्रांतीच्या संध्याकाळी कोल्हापूरच्या वेशीवरच्या एका गृहसंकुलात पोरांच्या डोक्यावर बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे तुकडे आणि चॉकलेटं यांची बरसात चालली होती, आणि ती सगळी पोरं हात मांडीवर ठेवून बसून राहिली. एकानेही बोर उचललं नाही. शेजारच्याच्या पुढ्यातलं चॉकलेट ओढलं नाही. कुणी कुणाच्या झिंज्या धरल्या नाहीत.

ज्याने बोरन्हाण पाहिलंय तो इथेच उठून जाईल. कारण बोरन्हाण म्हणजे लूट. एका पोराला काळे कपडे घालून, हलव्याचे दागिने चढवून पाटावर बसवायचं, वरून खाऊ ओतायचा, आणि बाकीच्या कारट्यांनी त्यावर तुटून पडायचं. रडारड, ओरखडे, एखादीचा फ्रॉक फाटलेला, हे सगळं झालं नाही तर बायका हळदीकुंकवाला जाऊन वाण न मिळाल्यासारख्या नाराज घरी जातात.

इथे पाटावर होती रेवा मगदूम. दीड वर्षाची, गुटगुटीत, चेहऱ्यावर तेज. तिने डोक्यावर पडलेलं बोर गालावरून घरंगळू दिलं, मान वर केली आणि तोंड उघडलं. भोवतीच्या पोरांनीही तेच केलं. सगळी आ वासून छताकडे बघत बसली. घरट्यातली पिलं अशी बसतात, पण पिलं निदान चिवचिवाट तरी करतात.

"किती शहाणी गं पोरं!" पहिल्या मजल्यावरच्या शेटेकाकू म्हणाल्या. "आमच्या वेळी नुसता धुडगूस."

रेवाची आई सृष्टी सुखावली. तिने मोबाईल पुढे करून काकूंना रेवाचा आलेख दाखवला. वजन, उंची, डोक्याचा घेर, झोप. चारी रेषा हिरव्यागार.

तेवढ्यात तिचे सासरे अण्णाप्पा मगदूम खुर्चीवरून उठले. "आरं लुटा की!" ते गरजले. जन्मभर एसटी चालवलेल्या माणसाचा आवाज, हॉल दणाणला. "लुटा की रं पोरांनो! कुणाच्या बाची पेंड हाय!"

एकही पोर हललं नाही. दचकलंसुद्धा नाही.

अण्णा खाली वाकले, रेवाच्या मुठीत बोर कोंबलं. तिने बोटं उघडली. बोर पडलं. ती पुन्हा वर बघत बसली.

"ही पोरं न्हाईत गं," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "हे जावई हायत. मानपान झाल्याबिगर हात न लावणारे."

बायका हसल्या. सृष्टीच्या डोक्यात तिडीक गेली.

"अण्णा, पुरे. माझ्या मुलीला चारचौघांत नावं ठेवायची नाहीत."

"नावं कुठं ठेवतोय? नाव घिऊन हाक मारली तर ती बगती का, ते तरी बग एकदा."

सृष्टीने रेवाला पाटावरून उचललं, आणि हलव्याचा मुकुट सरळ करायच्या नावाखाली हाक मारली, "रेवा!"

रेवाने छताकडेच बघितलं. आईचा आवाज तिकडूनच येतो, असं तिला पक्कं माहीत होतं.

*

हे सगळं 'पान्हा'मुळे. पण त्या यंत्राला शिव्या घालण्याआधी ते घरात कसं आलं हे ऐकायला हवं, नाहीतर सृष्टीवर अन्याय होईल, आणि सृष्टीला अन्याय सहन होत नाही.

सृष्टी शिरोलीच्या एका फाउंड्रीत तपासनीस होती. ओतलेल्या लोखंडात डोळ्यांना न दिसणारा तडा कुठे आहे ते शोधायचं, हे तिचं काम. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, आणि बोललं की शब्द फिरवायचा नाही. घरात मात्र सासरे असे, की ज्यांच्या दहा वाक्यांत अकरा थापा. फोंड्याच्या घाटात ब्रेक निकामी झाला तेव्हा दाजीपूरच्या गव्याने शिंगं लावून एसटी कशी वर ढकलत आणली, आणि कंडक्टरने त्याला अर्धं तिकीट कसं फाडलं, ही गोष्ट ते डॉक्टरलासुद्धा सांगत. सृष्टी म्हणे, "खोटं." अण्णा म्हणत, "गव्याला इचार जा."

रेवा झाली ती रडतच. पोटात कळ येऊन तासन् तास रडायची. डॉक्टर म्हणाले, होतं असं, थांबेल. नवरा अभिनंदन पाळीच्या नोकरीवर. सासूबाई रेवाच्या आधीच गेलेल्या. माहेरची आई दम्याने बेजार. एका दुपारी सृष्टीने किंचाळणाऱ्या रेवाला गादीवर ठेवलं, दार ओढून घेतलं आणि जिन्यात कानांवर तळवे दाबून बसून राहिली. परत आत गेली ती आपल्या हातून काय होऊ शकलं असतं, याच विचारात. त्याच आठवड्यात अभिनंदनने 'पान्हा' आणलं.

यंत्र म्हणजे तीन वस्तू. घोट्याभोवतीची मऊ पट्टी, अंगाखालचं दुपटं, आणि भिंतीवर बसवलेला, कापूस भरलेला एक लांब हात. त्यामागचं शास्त्र साधं होतं आणि खरंही होतं. बाळ एकाएकी रडत नाही. रडण्याच्या मिनिटभर आधीच शरीर तयारीला लागतं. नाडीचा ठेका बदलतो, तळपायाला न जाणवणारा घाम फुटतो, आतडी कुरकुरतात, श्वास आखडतो, गळ्याचे बारीक स्नायू ताणले जातात. आईला यातलं काही दिसत नाही. पट्टीला दिसतं, दुपट्याला ऐकू येतं. भुकेची तयारी वेगळी, थंडीची वेगळी, कंटाळ्याची वेगळी. काही आठवड्यांत यंत्र एकेका बाळाच्या तऱ्हा शिकून घेतं. मग रडू फुटायच्या आत तो हात बाटली तोंडाशी नेतो, पांघरूण सारतो, खुळखुळा वाजवतो. थोडं मोठं झालं की घास भरवतो. घराबाहेर असलं तर पट्टी आईच्या मोबाईलला कळवते आणि आईच तो हात होते.

आणि हे सगळं आईच्या आवाजात. सृष्टीने एक दुपारभर बसून कंपनीला वाक्यं वाचून दिली होती. त्यानंतर यंत्र तिच्याच आवाजात बोलू लागलं, "भूक लागली ना बाळाला? हे घे दूध. हा बघ चेंडू. आई इथे आहे." चेंडूला नेहमी चेंडूच म्हणायचं, दुधाला दूध. कधी चिडायचं नाही, दमायचं नाही, चुकायचं नाही.

रेवाचं रडं थांबलं. सृष्टी झोपली, जेवली, कामावर गेली, नवऱ्याशी हसून बोलली. शहरभर पाळणे गप्प झाले आणि आयांच्या डोळ्यांखालची वर्तुळं गेली. अशा वस्तूला कोण नाव ठेवील? अण्णा ठेवत. पण अण्णांचं कोण ऐकतं?

*

बोरन्हाणाच्या दुसऱ्या दिवशी सृष्टीने रजा टाकली आणि आपल्या मुलीची तपासणी मांडली, जशी लोखंडाची मांडायची.

चेंडू दाखवून वाटीखाली लपवला. रेवाने वाटी उचलली नाही; हात येईल, वाटी उचलेल, म्हणून वर बघत बसली. "पाणी कुठंय?" विचारलं. रेवाचे डोळे क्षणभर पाण्याच्या भांड्याकडे गेले आणि परतले. म्हणजे कळत होतं. पण बोट उठलं नाही. सृष्टी टाळ्या वाजवत समोर नाचली तेव्हा रेवाने तिच्याकडे बघितलं खरं, पण आपण फिरत्या पंख्याकडे बघतो तसं. पूर्ण दिवसात त्या मुलीने कुणालाच काही मागितलं नाही. कशाला नाही म्हटलं नाही. हूं की चूं नाही.

सृष्टीने कंपनीला फोन लावला. पलीकडून एक गोड मुलगी म्हणाली, "मनापासून अभिनंदन, मॅडम! रेवा आमच्या सर्वांत समाधानी बाळांपैकी एक आहे."

"ती एक शब्द बोलत नाही."

"प्रत्येक फूल आपल्या वेळेला उमलतं मॅडम. आलेख तर हिरवा आहे."

"हिरवा आहे म्हणूनच विचारतेय. बोलण्याची रेषा कुठली त्यात?"

मग तीच मुलगी, तितक्याच गोडीने, "ती आम्ही मोजत नाही मॅडम."

सृष्टीने फोन सोफ्यावर फेकला. कारखान्यात ज्याने असा नमुना पास केला असता त्याला तिने गेटच्या बाहेर काढलं असतं.

मग ती रेवाला घेऊन गेली त्या डॉक्टर नसीम मुजावर, मुलांच्या वाढीच्या डॉक्टर. केस पिकलेल्या, बोलणं फटकळ. त्यांनी रेवाच्या मागे खुळखुळा वाजवला, डोळ्यांसमोर दिवा फिरवला, ठोकळे मांडले, आणि बराच वेळ तिच्यासमोर जमिनीवर नुसत्या बसून राहिल्या.

"कान चांगले, डोळे चांगले, समज चांगली," त्या उठत म्हणाल्या.

"मग बोलत का नाही?"

"कशाला बोलेल? तुम्हाला सगळं विनासायास मिळालं असतं तर तुम्ही बोलला असतात?"

"पण दिवसभर तिच्याशी बोललं जातंय. माझ्याच आवाजात."

"नुसतं ऐकून बोलता आलं असतं तर टीव्हीपुढे टाकलेली पोरं सभा गाजवत फिरली असती." डॉक्टरांनी ठोकळे डब्यात आपटले. "हे बघा. बाळ 'ऊं' करतं. आई म्हणते, काय गं? आणि थांबते. बाळ पुन्हा 'ऊं' करतं. हे टोलवाटोलवीचं काम आहे. या टोलवाटोलवीत मेंदूमध्ये वाटा पडतात. ज्या वाटेने ये-जा राहते ती रुंद होते, ओसाड राहिली ती बुजते. आता, हवंसं वाटणं आणि मिळणं, यांच्यामध्ये एक फट असते. जेमतेम मिनिटाची. त्या फटीत पोर कुरकुरतं, बोट दाखवतं, पाय आपटतं, आणि कशानेच जमलं नाही की शब्द शोधतं. आपल्या सगळ्यांची भाषा त्या फटीतून आलीय. तुमच्या यंत्राने ती लिंपून टाकली."

सृष्टीने रेवाला मांडीवर ओढून घेतलं.

"कधी रागावते का ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. फार गुणी आहे."

"या वयाचं पोर दिवसात एकदा तरी जमिनीवर लोळण घेऊन आईचा जीव नको करतं. नाही केलं तर मला झोप येत नाही. वाटा अजून बुजलेल्या नाहीत, पण रोज थोड्या थोड्या बुजताहेत. पट्टी काढा. आजच काढा. आणि सगळं बिनचूक देणं बंद करा. कपाला कावळा म्हणा. या वयाची पोरं खोटं बोलणाऱ्याच्या तोंडाकडे डोळे फाडून बघतात, आणि एखादं असं चिडतं की 'नाही' म्हणून मोकळं होतं. तेवढ्यावर पुढचं दार उघडतं कधीकधी."

"कधीकधी?"

"मी काय कंपनी आहे, खात्री द्यायला?"

*

पट्टी काढताच घरातल्या सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले. पडद्यावर लाल अक्षरं आली, 'आपलं बाळ काळजीविना आहे.' हे वाक्य वाचून सृष्टीने पट्टी कात्रीने कापली. मग दुपटं कापलं. भिंतीवरचा हात लोखंडी बोल्टांनी आवळलेला होता म्हणून वाचला. तिने त्याची नुसती वायर उपटली.

अभिनंदन कामावरून धावत आला. "काय केलंस हे? वेडबिड लागलंय का?"

"ही बोलणार नाही, अभी. आपण काही केलं नाही तर ही कधीच धड बोलणार नाही."

"कोण म्हणतं? ती मुजावर? सगळ्या जगाची पोरं आरामात आहेत आणि ती एक बाई..."

"सगळ्या जगाची पोरं त्या हॉलमध्ये आ वासून बसली होती. तू नव्हतास. मी होते."

"विसरलीस ते दिवस?" अभिनंदनचा आवाज चढला. "तू जिन्यात जाऊन बसली होतीस, सृष्टी. मला भीती वाटायची तुला घरी एकटी सोडायची. तुला पुन्हा तशी रडकी पोरगी हवी?"

"हो. रडकी, हट्टी, केस उपटणारी. मला ती पोरगी परत हवी. आणि या वेळी जिन्यात बसायची पाळी तुझी."

खोलीत रेवा गादीवर बसून दोघांकडे बघत होती. आईबाप एकमेकांवर ओरडताहेत, आणि पोर शांत. अण्णा दारात उभे राहून तिच्याकडेच बघत होते. "भांडा, भांडा," ते म्हणाले, "तिला बी जरा वाटू द्या, घरात माणसं ऱ्हात्यात."

त्यानंतरचे दिवस सृष्टीला वाटले होते त्याहून वाईट गेले. ती रडारडीला तयार होती. पण रेवा रडलीच नाही. भूक लागली की मान वर करून, तोंड उघडून ती त्या मेलेल्या हाताखाली जाऊन बसायची. बसून राहायची. ओठ सुकायचे, डोळे जड व्हायचे, तरी वाट बघायची. इतका विश्वास सृष्टीने आयुष्यात कुणाच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता. तिला ते बघवायचं नाही. ती धावत जाऊन भात भरवायची.

"लगेच नगं देऊ," अण्णा म्हणायचे. "थांब की जरा."

"तुम्हाला काय जातंय सांगायला? तुम्ही पोरं कधी सांभाळलीत?"

"न्हाई सांभाळली. तुजी सासू सांभाळायची, मी फोंडा-कोल्हापूर करायचो. पर दोन पोरं आन् चार भाच्यांच्या पयल्या शिव्या मात्र मीच खाल्ल्या. घरी आलो की त्यांच्याशी खोटं बोलायचो नव्हं!"

आणि खोटं बोलण्याची अधिकृत परवानगी डॉक्टरांनीच दिल्यावर अण्णांना आवरणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. ते चप्पल डोक्यावर ठेवून म्हणायचे, "ही माजी टोपी." गॅलरीत कावळा आला की, "बगितलंस का, म्हस आली." भाकरीला आरसा म्हणून तिच्यात बघून मिशा पिळायचे. सृष्टीच्या अंगावर काटा यायचा; तिच्या घरात एवढं असत्य एका दिवसात कधी खपलं नव्हतं. पण एका सकाळी तिला दिसलं. अण्णांनी चप्पल डोक्यावर ठेवली, आणि रेवाच्या दोन भुवयांमध्ये एक बारीक आठी उमटली. पुसट, काडेपेटीतल्या काडीएवढी. उमटली आणि गेली.

"अण्णा! परत करा!"

अण्णांनी परत केलं. आठी आली नाही. म्हातारा थापाड्या आहे हे रेवाने तेवढ्यात ओळखून सोडून दिलं होतं. जगाला कळायला चाळीस वर्षं लागली, तिला एक सकाळ.

सृष्टी त्या आठीचा विचार करत राहिली. अण्णांची थाप रेवाला लागत नव्हती, कारण अण्णांकडून तिला काही मिळालंच नव्हतं. तिचं सगळं जग दिलं होतं ते एका आवाजाने. त्या आवाजाने दूध म्हटलं की दूध आलं, चेंडू म्हटलं की चेंडू. चुकायला हवा होता तो आवाज. आणि तो आवाज होता सृष्टीच्या गळ्यात.

तिने चप्पल ताटलीत ठेवली. तिचे कान तापले. "रेवा," ती कशीबशी म्हणाली, "ही... ही बघ भाकरी."

रेवाने चपलेकडे पाहिलं. मग आईच्या तोंडाकडे पाहिलं. रेवा पुढे झुकली, आणि आ करून चप्पल चावली.

अण्णा फस्सकन् हसले आणि लगेच गप्प झाले, कारण सृष्टी हसत नव्हती. तिने चप्पल रेवाच्या तोंडातून ओढून भिंतीवर भिरकावली. तिचा आवाज म्हणाला म्हणून या पोरीने दगडसुद्धा खाल्ला असता. तिने स्वतःच्या आवाजाने आपली मुलगी बांधून कंपनीच्या हवाली केली होती आणि वर त्याचे आलेख शेजाऱ्यांना दाखवले होते. तिला आलेला राग उतरवायला घरात जागा पुरत नव्हती.

*

त्याच दिवशी दुपारी अभिनंदन नवी पट्टी आणि नवं दुपटं घेऊन आला. कंपनीने तत्परतेने पाठवलं होतं.

"पिवळी झालीय," तो मोबाईल पुढे धरून म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "सकाळी मीच वजन करून भरलं यात. वजनाची रेषा पिवळी झालीय, सृष्टी. अशीच खाली गेली तर? तुझा प्रयोग झाला. पुरे. माझीही मुलगी आहे ती."

"पट्टी बांधायची नाही."

"ती उपाशी बसते तिथे! मी बघितलंय. मला नाही बघवत!"

"मला बघवतं असं वाटतं तुला?"

"आभ्या," अण्णा म्हणाले, "पोरीच्या आईचं तरी ऐक..."

"अण्णा, तुम्ही मध्ये पडू नका."

त्याने वायर परत बसवली. भिंतीवरचा हात जागा झाला, खांद्यातून कुरकुरला, बोटं उघडली-मिटली. अभिनंदन पट्टी घेऊन रेवापुढे गुडघ्यांवर बसला. आणि रेवाने काय केलं? तिने आपण होऊन पाय पुढे केला. आजवर त्या मुलीने कुणासाठी स्वतःहून केलेली ही पहिली गोष्ट. पावलाचा तळवा वर, घोटा पट्टीकडे, अगदी आज्ञाधारक.

सृष्टीच्या आत काहीतरी तुटलं. तिने मोजलं नाही, तपासलं नाही, आवाज सांभाळला नाही. अभिनंदनच्या हातावर फटका मारून तिने पट्टी खाली पाडली.

"बांध! बांध तिच्या पायात बेडी!" ती अभिनंदनवर ओरडली आणि मग रेवाकडे वळली. "आणि तू? तुला तीच हवीय ना? मग जा! जा त्या भिंतीकडे! तीच तुझी आई! मी नाही तुझी आई. ऐकलंस? मी तुझी आई नाहीच!"

"सृष्टी!" अण्णा हबकून म्हणाले. थापांच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या त्या माणसालासुद्धा ही थाप ऐकवेना.

भिंतीवरचा हात आवाजाच्या दिशेने वळला. पट्टी नव्हती तरी नव्या दुपट्याने ऐकलेल्या गडबडीवरून त्याने आपलं काम सुरू केलं. अतिशय मायाळू, अतिशय शांत, तंतोतंत सृष्टीच्या आवाजात तो म्हणाला, "उगी बाळा, उगी. आई इथे आहे. ये."

खोलीत दोनदा एकच आवाज घुमला. एक म्हणत होता, मी आई नाही. दुसरा म्हणत होता, मी आई आहे. जो आवाज रेवाच्या लेखी जन्मात चुकला नव्हता तो एकाच क्षणी स्वतःशी उलटा बोलला होता.

रेवाने भिंतीकडे बघितलं. लांब हात तिच्यापुढे आला होता, बोटं पसरून. मग तिने सृष्टीकडे बघितलं. सृष्टीचं नाक वाहत होतं, केस सुटले होते, छाती वरखाली होत होती. रेवाच्या भुवयांमध्ये आठी आली. या वेळी गेली नाही. खोल गेली, कपाळभर पसरली. गाल लाल झाले, कान लाल झाले, ओठ थरथरले. अभिनंदन पुढे झाला. अण्णांनी त्याची कॉलर धरून त्याला मागे खेचलं.

"ये बाळा," भिंत पुन्हा म्हणाली. "आई इथे आहे."

रेवाने तो मऊ हात पकडला आणि अंगातल्या सगळ्या जोराने बाजूला ढकलून दिला. ती उठली, पडली, पुन्हा उठली, धडपडत सृष्टीच्या गुडघ्यांशी आली, आणि तिने बोट उगारलं. आयुष्यातलं पहिलं बोट. ते तिने सृष्टीच्या पोटात असं खुपसलं की सृष्टी कळवळून खाली वाकली, आणि आईचं तोंड आपल्या तोंडासमोर येताच, रागाने लालबुंद झालेली ती मुलगी तिच्या नाकावर किंचाळली,

"नाई!"